कल्याणचं बायपास

कल्याण माझा धाकटा भाऊ. चुलत न्हाई, मानलेला न्हाई, सख्खा, एका आईच्या पोटचा. आमच्या भागात कुनालाबी इचारा, कल्याण काटेवाला कोन, तर मानूस आदी हसंल आन् मंग रस्ता दाखवील. ते हसू जुन्या कल्याणचं. मी सांगतोय तो नवा कल्याण, आन् छाती ठोकून सांगतो, नवा जुन्यापरीस काकनभर सरसच हाय.

राहुरीच्या अलीकडं मोठ्या रस्त्याला लागून आमचा वजनकाटा हाय. उसाच्या गाड्या, कांद्याचे टेम्पो, कडब्यानं भरलेल्या पिकअप, सगळं त्या लोखंडी फळीवर येऊन उभं राहतं आन् आत खोलीत आकडा लागतो. काटा बसवला मी, पन त्याला नाव मिळवून दिलं कल्याणनं. मी सातवीतून उठलो. तो बारावी झाला, आन् आमच्या भावकीत तवर बारावीला कुनी शिवलंबी नव्हतं. त्याच्या काट्यावरची चिठ्ठी पार श्रीरामपूरच्या बाजारात चालते, कुनी परत माल मोजून बघत न्हाई. हे मी भाऊ म्हनून सांगत न्हाई, व्यापारी सांगत्यात.

जुना कल्याण लई मोठा गडी. काट्याच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असायच्या, कारन एकटी खुर्ची त्याच्याखाली टिकायची न्हाई. दारातून आत यायचं तर आडवं होऊन यायचं. दवाखान्यातल्या वजनाच्या मशीनीचा आकडा संपला तवा तो एक दिवस आपल्याच काट्याच्या रिकाम्या फळीवर जाऊन उभा राह्यला. काटा गाड्यांचा, तो दहाच्या पटीतच बोलतो. आकडा लागला एकशे साठ. बाहेर ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् त्या सगळ्यांत मोठ्यांदा कल्याणच हसला. त्याच्या हसन्याची एक तऱ्हा हुती. आदी पोट हलायचं, मंग खांदे, आन् आवाज सगळ्यात शेवटी यायचा. त्या दिवसापास्नं त्याचं नाव पडलं 'भरली गाडी'. आली का भरली गाडी, जेवली का भरली गाडी. तो प्रत्येकाला हात करायचा.

पंगतीत तर त्याला नवरदेवापरीस जास्ती मान. आमच्याकडं वाढपी आग्रह करतो आन् जेवनारा ताटावर हात आडवा धरतो, की बाबा पुरे झालं. कल्याणचा हात ताटावर आडवा झाल्याला कुनी पायलाच नव्हता. नको म्हननं त्याला येतच नव्हतं. बुंदीची पाटी घेऊन वाढपी त्याच्याम्होरं थांबला की पोरं गोळा व्हायची, कुनी मोजायचं, कुनी शिट्टी मारायचं, आन् हा खाली मान घालून खात राहायचा. मधीच मान वर करून डोळा मारायचा. मी सोता गावोगाव सांगायचो, माझ्या भावासारखा खानारा दाखवा आन् माझ्या मिशा उतरवा. मिशा अजून जागेवर हायेत.

त्याची बायको रेश्मा अकोल्याच्या पुढची, भंडारदऱ्याच्या रस्त्याला तिचं माहेर. हात असा, की तिच्या हातच्या पिठल्याला कोंबडीचा वास यावा. लग्न झाल्यापास्नं तिचा एकच नेम, नवऱ्याला गरम वाढायचं, तव्यावरची भाकर थेट त्याच्या ताटात, आन् त्याचं झालं की मंग मागं आपन बसायचं. एका ताटात सोडा, एका वक्ताला ती दोघं जेवल्याली मी पायली न्हाईत. त्यात तिला काय कमी वाटायचं न्हाई. नवरा पोटभर खातो ही तिची दौलत. तिच्या माहेरीबी जावयाचं खानं म्हंजी गावाला दाखवायची चीज. आदल्या धोंड्याच्या महिन्यात तर त्यानं कमाल केली. धोंड्याचा महिना म्हंजी तीन वर्सांनी येनारा अधिक महिना. त्यात लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मीनारायनाचा जोडा म्हनून पाटावर बसवायचं, पुरन भरल्याले धोंडे खाऊ घालायचे, आन् तेहतीस धोंड्यांचं वान जावयाला द्यायचं, अशी रीत. त्या साली कल्याणनं पाटावर बसल्या बसल्या अठरा धोंडे रिचवले आन् वर वाटीभर तूप पेला. मेव्हना आदिनाथनं मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. ते अकोल्यापासून संगमनेरपर्यंत फिरलं.

पन शरीर काय शूटिंग बघून चालत न्हाई. शुगर वाढली, गुडघे गेले. झोपंत श्वास अडकायचा, म्हनून दिवसा झोप यायची. एकदा फळीवर उसाची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला, आन् हा आत दोन खुर्च्यांवर गाढ. मी खांदा हलवला तवा डोळं उघडलं, आन् त्या डोळ्यात मला पैल्यांदा भ्या दिसलं. नगरच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, असंच चालू राह्यलं तर पन्नाशी दिसायची न्हाई. मंग पुन्याला नेलं. तिथं त्याचं बायपास झालं. हार्टचं न्हाई, पोटाचं. जठराची पिशवी लहानशी केली आन् आतडं वर आनून तिला जोडलं. मुठीत मावंल एवढंच खायचं, चावून चावून खायचं, आन् गोड जवळजवळ बंद. गोड गेलं की ते सरळ आतड्यात उतरतं, अंगाला घाम फुटतो, छाती धडधडते, मानूस आडवा होतो.

गावाला चेष्टेला कारनच मिळालं. आमचा काटा रस्त्यावरचा. लोक म्हनायचे, रस्त्याच्या बायपासाला सरकारला वरसं लागली, कल्याणचं एका सकाळीत उरकलं.

आन् इथंच एका शब्दानं घोळ केला. रेश्मानं माहेरी फोन करून सांगितलं, ह्यांचं बायपास झालं. तिकडं तिची आई कडूबाई रडायला लागली, की जावयाचं हार्ट गेलं. रेश्मानं तोंड उघडलं हुतं सांगायला, की आई, हार्ट न्हाई, पोट. पन आईचं रडनं ऐकून तिला वाटलं, हार्ट म्हनलं की लोक हळहळत्यात, पोट म्हनलं की हसत्यात. खाऊन खाऊन पोट कापावं लागलं असं माहेरच्या गावात झालं, तर त्या शूटिंगचं काय करायचं. ती गप राह्यली. गैरसमज तसाच राह्यला आन् तिकडं चांगला रुजला.

आता कल्याणचं. वजन उतरत गेलं तसा तो गावाला दिसायला लागला. आदी निसतं पोट दिसायचं, आता मानूस दिसायला लागला, नाक दिसायला लागलं, आमच्या बापाचं नाक. शर्ट खोचायला लागला, पट्टा घेतला. पन डोकं मागंच राह्यलं हुतं. दारातून अजून आडवा होऊन जायचा. खुर्चीवर बसायच्या आदी हातानं दाबून बघायचा. आरशापुढं उभा राहून लाजायचा, परक्याच्या घरात शिरल्यासारखा. दवाखान्यात ज्योती मॅडम म्हनून हुत्या, ऑपरेशन झालेल्यांशी बोलायचं त्यांचं काम. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोट एका दिवसात बारीक होतं, डोक्याला वरीस-दोन वरसं लागत्यात, तवर सांभाळा. मी म्हनलं, मॅडम, भाऊ माझा हाय, दहा वरसं लागली तरी सांभाळीन.

पन काय सांभाळायचं ते मला कळंना. कारन कल्याणला राग यायला लागला. जल्मात त्याचा राग कुनी पायला नव्हता. गाडीचं रिकामं वजन करताना ड्रायव्हर न् किन्नर, म्हंजी क्लीनर, केबिनमधीच बसून राह्यले, आन् त्यांचंबी वजन गाडीत धरलं गेलं, तर आदी हसून सोडून द्यायचा. आता खिडकीतून हात करून खाली उतरवायला लागला. उतरल्याशिवाय चिठ्ठी न्हाई. एक दिवस कांद्याच्या टेम्पोवाल्यानं लांबूनच आवाज दिला, काय भरली गाडी, आता रिकामीच फिरती का. कल्याण खोलीच्या बाहेर आला. आवाज चढवला न्हाई.

"माझं नाव कल्याण हाय," तो म्हनला. "चिठ्ठीवर छापलंय, वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवतो."

टेम्पोवाला खाली बघत गेला. मला तर टाळी वाजवावी वाटली. पन गावात दुसरीच बोली सुरू झाली, की डॉक्टरनं पोटाबरोबर हसूबी कापून टाकलं.

त्यातच आमच्या भावकीत एका घराची वास्तुशांती झाली. कल्याण पंगतीला बसला, वाढपी जिलबी घेऊन आला, पोरं जुन्या सवयीनं गोळा झाली. दोन-तीनदा म्हनला, राहू द्या. पन त्याचं राहू द्या कुनाला खरं वाटंना, जल्मभर कधी म्हनलाच नव्हता तर. शेवटी सगळे बघत्यात म्हनून खाल्ली. हात धुवायला उठला तसा घामानं भिजला आन् ओट्यावरच आडवा झाला. बायांनी हंबरडा फोडला. तासाभरानं उठून बसला, बरा झाला, पन त्या दिवसापास्नं त्यानं कुठल्याच घरी जेवायला जायचं सोडलं. लग्न, बारसं, जागरन, सगळं बंद. ज्याच्यावाचून पंगत फुलत नव्हती तो दार लावून टीव्ही बघत बसायला लागला.

आन् रेश्मा? तिच्या कानाला बाया लागल्या. नवरा बारीक झाला, शर्ट खोचतो, आता बघ तुझ्याकडं कशाला बघतोय. ती अंगानं भरल्याली, तिला ते लागलं. आन् ह्याचं घरी बोलनं कमी झाल्यालं. एक दुपारी मी काट्यावर हिशेबाला बसलो हुतो, ती डबा घेऊन आली. डबा पैल्यासारखाच चार ताळी. कल्याणनं झाकन उघडून बघितलं आन् तिरसटला, एवढं कुनासाठी आनलंस, मला चिडवायला का.

तिनं डबा हळूच बंद केला. म्हनली, "मंग मी काय करू तुमच्यासाठी? मला दुसरं काय येतंय?"

आन् डबा तसाच घेऊन उन्हाची निघून गेली. कल्याणनं चिठ्ठ्यांचं बुक बाजूला सारलं. मंग माझ्याशी बोलला, आन् ते मी कधी इसरायचो न्हाई.

"दादा, मला लोक भरली गाडी म्हनायचे तवाबी राग यायचा. पन मी तो भाकरीबरोबर गिळायचो. आता गिळायला जागाच राह्यली न्हाई." मंग म्हनला, "रेश्मावर काढायला नको हुता. तिनं काय केलंय."

मी काय ज्योती मॅडम न्हाई. मी एवढंच म्हनलं, की तू सगळ्या जगाला नीट मोजून देतोस, घरातबी तसंच मोज. तो हसला न्हाई, पन मान हालवली.

आन् ह्या साली जेठाचा अधिक महिना आला. आबासाहेबांचा, म्हंजी सासऱ्याचा, मला फोन आला, की जावयाला घेऊन या, भागवतराव, तुमीबी या, गाडी तुमची. कल्याण रेश्माला म्हनला, मला न्हाई यायचं. भांडी घासता घासता तिच्या डोळ्याला पानी आलं ते त्यानं बघितलं. लग्न झाल्यापास्नं धोंडा चुकला नव्हता. जावई आला न्हाई तर माहेरात काय बोलतील, आन् आला तर पाटावर बसून काय खाईल, दोन्हीकडनं तिचंच तोंड पोळायचं. संध्याकाळी त्यानं आपनहून सांगितलं, जाऊ. त्याचं त्यालाबी ठाऊक नव्हतं तिथं जाऊन काय करनार ते. त्याला एवढंच कळलं हुतं, की इथं न्हाई गेलो तर मंग जल्मभर दार लावूनच बसायचं.

पिकअपमधी आमी तिघं पुढंच बसलो. आदी हे जमत नव्हतं; आदी रेश्माला मागं हौद्यात बसावं लागायचं. आता ती मधी, आन् हा खिडकीला, आन् तरी जागा उरली. ती सारखी पदर नीट करत हुती. संगमनेर मागं टाकल्यावर तिनं सांगून टाकलं, की माहेरी त्यांना हार्टच वाटतंय. कल्याणनं खिडकीची काच खाली केली. म्हनला, बरं.

तिथं जाऊन बघतो तर आदिनाथनं मंडप घातल्याला. अंगनात सतरंज्या, आन् त्याचे दोस्त, शेजारपाजार, सगळे मोबाईल काढून बसल्याले. दाजी आले, दाजी आले. मंग सगळे एकदम गप, कारन दाजींचं अर्धं अंगच आलं हुतं. आदिनाथनं मिठी मारली आन् म्हनला, "दाजी, हार्टनं लई खाल्लं तुमाला. आज सगळं भरून काढू." आबासाहेबांनी पाय धुवायला पानी दिलं, नवी टोपी घातली, जोडा पाटावर बसवला. रेश्मानं डोईवर पदर घेतला, नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसली, पन जेवायला न्हाई, रीतीपुरतीच. ओवाळनं झालं की उठून वाढायला जानार, दर धोंड्याला तसंच.

मंग कडूबाई परात घेऊन आल्या. परातीत धोंडे, वर केळीचं पान. दर येळी धोंडे तळल्याले असायचे, ह्या साली पांढरेशुभ्र, उकडल्याले. म्हातारीच्या तोंडावर एवढी माया हुती, की मला आमची आई आठवली.

"बापू," त्या म्हनल्या, "तुमच्या हार्टसाठी तेलाचा थेंब घातला न्हाई. पन गूळ दुप्पट घातलाय. गुळानं रक्त वाढतं."

पेशल एक धोंडा हुता, दोन मुठीएवढा. तो त्यांनी उचलला आन् ताटात वाढायला वाकल्या. मागं पोरांनी मोजायला सुरवात केली, एक.

कल्याणनं मला नंतर सांगितलं, की त्या घडीला त्याला जिलबीचा घाम आठवला, आन् त्याच घडीला रेश्माची बांगडी वाजल्याली ऐकू आली. ती परत पदर नीट करत हुती. जुना कल्याण असता तर डोळा मारून खाल्ला असता आन् मागच्या पडवीत जाऊन पडला असता. कुनाला कळलंबी नसतं. ते लई सोपं हुतं.

त्यानं हात उचलला आन् ताटावर आडवा धरला.

एक म्हननारं पोर दोन म्हनायचं इसरलं. कडूबाई तशाच वाकल्याल्या, हातात धोंडा. आदिनाथ हसून म्हनला, की दाजी नाटकं करत्यात, वाढ गं आई. त्याला वाटलं चेष्टा हाय. कल्याणचा हात हालला न्हाई.

"मामी, माझं हार्ट चांगलं हाय," तो म्हनला. आवाज नेहमीचा, काट्यावर वजन सांगावं तसा. "बायपास पोटाचं झालंय. वजन उतरावं म्हनून मी करून घेतलं. गूळ खाल्ला तर मी इथंच आडवा होईन. मीच रेश्माला म्हनलं हुतं, घरी सांगू नको."

हे शेवटचं वाक्य खोटं हुतं, आन् ते मला ठाऊक हुतं. माझ्या भावाच्या तोंडून मी आयकल्यालं सगळ्यात चांगलं खोटं. पन रेश्मानं ते राहू दिलं न्हाई. पाटावरनंच बोलली, मान खाली घालून, "न्हाई आई. त्यांनी न्हाई, मीच सांगितलं न्हाई. मला लाज वाटली."

आदिनाथच्या एका दोस्तानं मागनं बारीक आवाजात टोमना मारला, की खाऊन खाऊन पोट फाटलं म्हना की. आबासाहेबांनी तिकडं बघितलं, पन त्यांचंबी तोंड उतरलं हुतं. तेहतीस धोंड्यांचं वान, नवी टोपी, मंडप, आन् जावयाचा हात आडवा. म्हातारा ताडकन उठला न्हाई, पन बोलायचाबी थांबला. मला वाटलं, आता आपनच काहीतरी बोलावं. तेवढ्यात कल्याणनं मान वळवली आन् त्या दोस्ताकडं बघून म्हनला, "फाटलं न्हाई, टेलरनं आत घेतलंय. तुझंबी घ्यायचं असंल तर सांग, पत्ता देतो."

त्या दोस्ताचं पोट चांगलंच म्होरं आल्यालं हुतं. सगळा मंडप हसला, आदिनाथ तर पार खाली बसला. आन् माझ्या लक्षात आलं, की कल्याणनं चेष्टा केली, पन पैल्यांदा सोतावर न्हाई केली.

मंग तो सासूकडं वळला. "मामी, आमी जोडा हाय ना? लक्ष्मीनारायन. मंग नारायनालाच का वाढताय? एकच ताट करा दोघांचं. धोंडा तिला वाढा, मी त्यातला घासभर चाखतो. रीतबी होईल आन् मीबी राहीन."

कडूबाईंनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेब सतरंजीकडं बघत हुते. न्हाई म्हनाले न्हाईत, म्हनून म्हातारीनं तो मोठा धोंडा ताटात ठेवला. रेश्मा उठायला लागली, सवयीनं, वाढायला जायला. कल्याणनं तिचा पदर धरला आन् खाली बसवली. एवढ्या लोकांत बायकोचा पदर धरनारा तो, म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानं पुरनाचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकला, लई येळ चावला, आन् ताट तिच्याकडं सरकवलं. ती त्याच्या शेजारी बसून, त्याच्यासंगं, त्याच ताटात जेवली. जेवता जेवता रडत हुती, पन हात थांबला न्हाई. भूक लागलेली हुती बिचारीला, सकाळपास्नं धास्तीनं काय खाल्लंच नव्हतं.

आन् तिचं जेवन होईपर्यंत तो बसला, मंग उठला आन् परात उचलली. जावई वाढायला उठला म्हनून कडूबाई कासावीस झाल्या, की बापू, असं करत न्हाईत, वानाचे धोंडे तुमचे. तो म्हनला, माझे हायेत तर मी वाटीन. आन् काय वाढलं त्यानं. जल्मभर ज्यानं आग्रह सोसला त्याला आग्रह शिकवावा लागतो का. ह्याला एक, त्याला दोन, आदिनाथला म्हनला, दाजीचं शूटिंग केलं ना, आता तुझं करतो, आन् चार धोंडे त्याच्या ताटात आपटले. पन एक बघितलं मी. ज्यानं ताटावर हात आडवा धरला, त्याच्याम्होरं तो एक सेकंदबी थांबला न्हाई. म्होरं गेला.

आबासाहेबांच्या ताटात त्यानं दोन वाढले. त्यांनी खाल्ले, पन बोलले न्हाईत. रात्री बाजेवर पडले तरी बोलले न्हाईत. रेश्मा मला हळूच म्हनली, दादा, बापाला लई लागलं. मी म्हनलं, लागू दे, उतरंल. पन मलाबी झोप लागली न्हाई नीट. सासऱ्यानं मन मोडलं तर कल्याण परत दार लावून बसंल, हे मला कळत हुतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगनात दात घासत हुतो. सूर्य डोंगरावर आला न्हाई तवाची गोष्ट. कल्याण ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्याला. बसायच्या आदी त्यानं खुर्ची दाबून बघितली न्हाई, सरळ बसला. हे त्याच्या लक्षातबी नव्हतं, माझ्या आलं. आतून आबासाहेब आले. ज्या मानसानं साठी उलटली तरी चुलीकडचा पाट सोता कधी ओढला न्हाई, त्याच्या हातात ताटली हुती, ताटलीत एक बाजरीची भाकर, बाजूला शेंगदान्याची चटनी. ते जावयाम्होरं उभे राह्यले. भाकर ठेवली न्हाई, हातातच धरली.

"बापू," त्यांनी इचारलं, "पाव देऊ का अर्धी?"

आमच्याकडं असं कुनी इचारत न्हाई. वाढत्यात. कल्याणनं त्यांच्याकडं बघितलं, मंग आत बघून हाक मारली, रेश्मा, इकडं ये, बस.

"अर्धी द्या, मामा," तो म्हनला. "पाव मला, पाव तिला. लागली तर मागून घेऊ."

म्हाताऱ्यानं भाकर मोडली. रेश्मा येऊन ओट्यावर बसली, नवऱ्याच्या शेजारी, अजून चहासुदिक झाला नव्हता. आबासाहेब म्हनाले, उरलेल्या अर्ध्या भाकरीचं आता काय करायचं, आन् आपनच खुर्ची ओढून ती खायला बसले. तवा कल्याण हसला. आता हलायला पोट न्हाई त्याला, खांदेबी हाडावर आल्याले. म्हनून आवाज आदीच आला, आन् डोंगराला लागून परत आला. मी तोंडातलं पानी थुकलं आन् आत ओरडून सांगितलं, मामी, माझ्यासाठी मातुर दोन भाकरी टाका, आमच्या घरात एकानं तरी नाव राखायला पायजे.